‘तसा हुशार आहे, पण...’

मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये एक वाक्य हमखास कानावर येते. ‘तसा हुशार आहे हो, पण पुस्तक हातात दिलं की अडखळतो.’ तोंडी हिशेब पटापट करणारा, एकदा ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी सांगणारा मुलगा दोन ओळी वाचताना घामाघूम होतो. असे का व्हावे, हे कोडे शिक्षकांना पडते, तसेच ते संशोधकांनाही सव्वाशेहून अधिक वर्षे पडलेले आहे.

त्या वाक्यातल्या ‘तसा हुशार आहे’ या तीन शब्दांकडे मात्र आपले सहसा लक्ष जात नाही. वाचन-अक्षमतेच्या, म्हणजेच डिस्लेक्सियाच्या व्याख्येत हे तीन शब्द जवळजवळ शंभर वर्षे ठाण मांडून होते. ते तेथे कसे आले, त्यांनी कोणाचे भले केले, कोणाला दाराबाहेर ठेवले आणि अखेर संशोधकांना ते का सोडून द्यावे लागले, हा इतिहास या लेखात पाहू या.

डोळ्यांच्या डॉक्टरांपासून सुरुवात

१८७७ साली आडोल्फ कुसमाउल या जर्मन वैद्याने ‘शब्दांधत्व’ असा शब्द वापरला. मेंदूला इजा झाल्यामुळे काही प्रौढ रुग्णांचे आधी येत असलेले वाचन नाहीसे होई. त्यांना दिसत असे, बोलता येत असे. पण छापील शब्द त्यांना परका झालेला असे. १८८७ साली स्टुटगार्ट येथील नेत्रतज्ज्ञ रुडोल्फ बर्लिन यांनी अशाच प्रौढ रुग्णांविषयी पुस्तिका लिहिली आणि ग्रीक भाषेतून घडवलेला ‘डिस्लेक्सिया’ हा शब्द रूढ केला. १८९२ साली फ्रान्समधील ज्यूल देजेरीन यांनी अशा एका रुग्णाच्या मेंदूचे शवविच्छेदन केले. या गृहस्थांना लिहिता येत होते, पण स्वतःचे लिखाण वाचता येत नव्हते. त्यांच्या मेंदूच्या डाव्या अर्धगोलात मागील बाजूस इजा आढळली. वाचनाचा संबंध मेंदूच्या ठराविक भागांशी आहे, याचा हा भक्कम पुरावा होता.

हे सर्व रुग्ण एकेकाळी वाचू शकणारे होते. पण ज्याला वाचन कधी आलेच नाही, अशा मुलाचे काय? ७ नोव्हेंबर १८९६ च्या ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील सीफर्ड येथील डॉ. प्रिंगल मॉर्गन यांचे एक छोटे टिपण प्रसिद्ध झाले. त्यात चौदा वर्षांच्या एका मुलाची हकिगत होती. सात वर्षांचा असल्यापासून त्याला शिकवण्याचे प्रयत्न चालू होते. अक्षरे त्याला ओळखता येत. पण अगदी लहान, ठरावीक शब्द सोडले तर वाचता काहीच येत नसे. स्वतःचे नाव लिहितानाही अक्षरांची अदलाबदल होई. गंमत म्हणजे आकड्यांची त्याला मुळीच अडचण नव्हती. ७४९ गुणिले ८६७ हा गुणाकार त्याने झटकन आणि बिनचूक केला. सगळे शिक्षण तोंडी असते तर शाळेत हाच सर्वांत हुशार ठरला असता, असे त्याच्या शिक्षकांचे मत मॉर्गन यांनी नोंदवले आहे.

मॉर्गन यांना या विषयाची दिशा मिळाली ती ग्लासगोचे नेत्रतज्ज्ञ जेम्स हिन्शेलवूड यांच्या १८९५ सालच्या लेखातून. पुढे हिन्शेलवूड यांनी स्वतःच अशी अनेक मुले तपासली, एकाच कुटुंबातील चार भावांची नोंद १९०७ साली केली आणि १९१७ साली ‘जन्मजात शब्दांधत्व’ या विषयावर पुस्तक लिहिले. ही अडचण काही घराण्यांत पुन्हापुन्हा दिसते, हे त्यांचे निरीक्षण आजही खरे मानले जाते. मात्र बाकी सर्व बाबतींत मेंदू तल्लख असेल आणि अडचण गंभीर असेल तरच हे नाव वापरावे, असा त्यांचा आग्रह होता.

येथे ‘तसा हुशार’ या शब्दांनी व्याख्येत प्रवेश केला. त्यामागचे कारण समजण्याजोगे आहे. जो मुलगा बाकी कशातही मागे नाही, त्याला वाचता येत नाही तेव्हाच ती गोष्ट डॉक्टरांना कोड्यासारखी वाटते. बुद्धिमापनाची पहिली चाचणी बिने आणि सिमाँ यांनी तयार केली ती १९०५ साली. म्हणजे मॉर्गन यांच्या वेळी हुशारी ठरत होती ती बोलण्यावरून, गणितावरून आणि शिक्षकांच्या मतावरून. ज्याच्या आईवडिलांची मुलाने शिकलेच पाहिजे अशी अपेक्षा होती, तोच डॉक्टरांपर्यंत पोचत होता.

‘उलटी अक्षरे’ आणि एक जुना गैरसमज

डिस्लेक्सिया म्हणजे ‘ब’चा ‘भ’ करणे किंवा अक्षरे उलटी दिसणे, असे आजही अनेकांना वाटते. या समजाला मोठे बळ मिळाले ते अमेरिकेतील मज्जाविकारतज्ज्ञ सॅम्युएल ऑर्टन यांच्या कामामुळे. १९२५ साली आयोवा राज्यातील शाळकरी मुलांना तपासून त्यांनी असे मांडले की, मेंदूच्या दोन्ही अर्धगोलांत अक्षरांच्या प्रतिमा असतात, त्या एकमेकींची आरशातील रूपे असतात आणि डाव्या अर्धगोलाचे वर्चस्व नीट प्रस्थापित झाले नाही तर त्यांचा गोंधळ होतो. ऑर्टन यांची उपपत्ती पुढे टिकली नाही. परंतु त्यांनी सांगितलेल्या दोन गोष्टी लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. एक, अशा मुलांना अक्षर आणि ध्वनी यांचा मेळ पद्धतशीरपणे, टप्प्याटप्प्याने शिकवावा. दोन, नेहमीच्या बुद्धिमापन चाचण्या या मुलांना न्याय देत नाहीत. ही दुसरी सूचना पुढची पन्नास वर्षे फारशी कोणी मनावर घेतली नाही.

‘उलटी अक्षरे’ ही कल्पना प्रयोगाने तपासली ती अमेरिकेतील फ्रँक व्हेलुटिनो यांनी १९७० च्या दशकात. त्यांची युक्ती साधी होती. इंग्रजी मुळाक्षरे वाचणाऱ्या मुलांपुढे त्यांनी हिब्रू लिपीतले शब्द ठेवले आणि ते पाहून आठवणीने काढायला सांगितले. ही लिपी सर्वांनाच अनोळखी होती. वाचनात कच्ची मुले आणि चांगली वाचणारी मुले यांनी हे काम सारख्याच प्रमाणात केले. डोळ्यांना किंवा आकृतीच्या स्मरणाला अडचण असती, तर ती येथेही दिसली असती. शिवाय डब्ल्यू-ए-एस हा शब्द एस-ए-डब्ल्यू असा वाचणारी मुले तोच शब्द पाहून उतरवताना मात्र बरोबर उतरवीत. म्हणजे दिसत होते बरोबर. चूक होत होती ती दिसलेल्याला ध्वनीचे नाव देताना.

अडचण कानाची नव्हे, ध्वनीच्या जाणिवेची

न्यू हेवन येथील हॅस्किन्स प्रयोगशाळेत इझाबेल लिबरमन, डोनाल्ड शँकवायलर आणि त्यांचे सहकारी याच सुमारास वेगळा प्रश्न विचारत होते. शब्द ध्वनींचा बनलेला आहे, हे मुलाला कधी कळते? १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात मुलांनी शब्द ऐकून त्यात जितके भाग असतील तितक्या वेळा लाकडी दांडीने टेबलावर ठोकायचे होते. एका गटाला उच्चाराचे अवयव मोजायचे होते, दुसऱ्याला सुटे ध्वनी. ‘बॅग’ या शब्दाचा उच्चार एका झटक्यात होतो, पण त्यात सुटे ध्वनी तीन आहेत. चार वर्षांच्या मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांना अवयव मोजता आले, सुटे ध्वनी मात्र एकालाही मोजता आले नाहीत. पहिलीच्या अखेरीस नव्वद टक्के मुले अवयव आणि सत्तर टक्के मुले ध्वनी मोजू शकली. सुटा ध्वनी कानावर आपोआप सुटा पडत नाही, तो वेगळा करायला शिकावे लागते, हे यातून कळले.

आता येथे वैज्ञानिक पद्धतीचा एक नाजूक प्रश्न उभा राहतो. वाचनात कच्च्या मुलांना ध्वनी वेगळे करता येत नाहीत, असे दिसले तर त्याचे दोन अर्थ होऊ शकतात. ध्वनी कळत नाहीत म्हणून वाचन येत नाही. किंवा वाचन येत नाही म्हणून ध्वनी कळत नाहीत. दहा वर्षांच्या कच्च्या मुलाची तुलना दहा वर्षांच्या चांगल्या वाचकाशी केली तर हा पेच सुटत नाही. कारण चांगल्या वाचकाने मधल्या काळात कितीतरी जास्त वाचलेले असते.

ऑक्सफर्ड येथील लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी १९७८ साली यावर मार्ग काढला. त्यांनी वाचनात मागे असलेल्या मोठ्या मुलांची तुलना त्यांच्याहून लहान, पण तितकेच वाचता येणाऱ्या मुलांशी केली. काम होते वेगळा शब्द ओळखण्याचे. आपण मराठीत ‘फळ, मळ, नळ, घर’ असे शब्द म्हणून ‘यातला वेगळा कोणता?’ असे विचारू, तसेच. दोन्ही गटांचे वाचन सारखे, तरीही मोठी मुले लहानांपेक्षा मागे पडली. म्हणजे फरक केवळ वाचनाच्या अनुभवाचा नव्हता.

१९८३ साली त्यांनी पुढचे पाऊल टाकले. ध्वनी ओळखण्यात कच्च्या ६५ लहान मुलांचे चार गट केले आणि दोन वर्षांत प्रत्येकी ४० वेळा त्यांना शिकवले. पहिल्या गटाला ध्वनींवरून शब्दांचे गट करायला शिकवले. दुसऱ्याला तेच, पण जोडीला प्लॅस्टिकची अक्षरे दिली. तिसऱ्याला अर्थावरून गट करायला शिकवले. चौथ्या गटाला काहीच वेगळे शिकवले नाही. ध्वनी आणि अक्षर ही दोन्ही एकत्र शिकलेला गट वाचनात आणि शुद्धलेखनात स्पष्टपणे पुढे गेला.

अर्थात उलट दिशेचा पुरावाही होता. १९७९ साली जोझे मोराइश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोर्तुगालमधील निरक्षर प्रौढांना तपासले. शब्दाच्या सुरुवातीचा ध्वनी काढून टाकणे किंवा जोडणे त्यांना जमेना. मोठेपणी साक्षर झालेल्या त्यांच्यासारख्याच लोकांना मात्र ते जमले. म्हणजे ध्वनीची जाणीव वाचनाला मदत करते आणि वाचन ध्वनीची जाणीव वाढवते. रस्ता दुहेरी आहे.

व्याख्येच्या चाळणीतून कोण गळले?

प्रयोगशाळेत हे चालू असताना व्याख्या कोठे होती? १९६८ साली जागतिक मज्जाविज्ञान महासंघाने मॅकडॉनल्ड क्रिचली यांच्या पुढाकाराने जी व्याख्या मान्य केली तिचा आशय असा: शिकवण्याची रूढ पद्धत, पुरेशी बुद्धिमत्ता आणि सामाजिक-सांस्कृतिक संधी असूनही वाचन शिकण्यात अडचण येणे म्हणजे डिस्लेक्सिया. बारकाईने पाहिले तर ही व्याख्या डिस्लेक्सिया काय आहे हे फारसे सांगत नाही. काय नाही हे सांगते. मायकेल रटर यांनी तिच्यावर हीच टीका केली. आणि तिचा परिणाम पाहा. ज्या मुलाच्या घरी पुस्तक नाही, ज्याची शाळा धड भरत नाही, त्याला डिस्लेक्सिया असू शकतो की नाही, हा प्रश्न तपासण्याआधीच निकालात निघतो.

आकड्यांच्या भाषेत हीच व्याख्या ‘तफावत’ म्हणून आली. मुलाचा बुद्ध्यंक पाहून त्याला किती वाचता यायला हवे याचा अंदाज करायचा आणि प्रत्यक्ष वाचन त्याच्या बरेच खाली असेल तर त्याला डिस्लेक्सिया म्हणायचे. रटर आणि विल्यम यूल यांनी आइल ऑफ वाइट या ब्रिटिश बेटावरील मुलांच्या पाहणीवरून १९७५ साली असे मांडले की, अशी तफावत असलेली मुले अपेक्षेपेक्षा जास्त आहेत. वितरणाच्या आलेखात तळाशी एक उंचवटा दिसतो. तो खरा असेल तर या मुलांचा गट निसर्गतःच वेगळा ठरला असता. पण नंतरच्या मोठ्या पाहण्यांत उंचवटा सापडला नाही. वापरलेली वाचन-चाचणी चांगल्या वाचकांना फारच सोपी पडत होती, त्यामुळे तो निर्माण झाला असावा, असे १९८५ साली दाखवून देण्यात आले.

१९९२ साली सॅली शेविट्झ आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील कनेटिकट राज्यातील ४१४ मुलांना बालवर्गापासून वर्षानुवर्षे पाहून निष्कर्ष काढला की, वाचनक्षमता ही उंचीसारखी सलग पसरलेली असते. डिस्लेक्सियाची सीमारेषा ही रक्तदाबाच्या मर्यादेसारखी आपण आखलेली असते. पहिलीत तफावतीच्या नियमाने डिस्लेक्सिया ठरलेल्या २५ मुलांपैकी तिसरीत फक्त ७ मुले त्या नियमात बसत होती. नाव असे येत-जात असेल तर त्यावर मुलाची मदत टांगून ठेवणे किती धोक्याचे!

यानंतर सर्वांत महत्त्वाचा प्रश्न पुढे आला. ‘तसा हुशार’ असलेला कच्चा वाचक आणि ज्याला कोणी तसे म्हणत नाही असा कच्चा वाचक, यांची अडचण वेगळी असते का? कॅनडातील लिंडा सीगल यांनी १९८९ साली ‘नाही’ असे उत्तर दिले, तेव्हा बराच गदारोळ झाला. १९९४ साली किथ स्टॅनोविच आणि सीगल यांनी, तसेच जॅक फ्लेचर यांच्या गटाने स्वतंत्रपणे दाखवले की, शब्द फोडून वाचण्याची आणि ध्वनींची अडचण दोन्ही प्रकारच्या मुलांत सारखीच असते. शिकवल्यावर तरी फरक दिसतो का? व्हेलुटिनो यांनी १९९६ साली पहिलीतल्या कच्च्या वाचकांना रोज अर्धा तास एकेकट्याने शिकवल्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. एका सत्रात सुमारे दोन-तृतीयांश मुले सर्वसाधारण पातळीवर आली. कोण सुधारेल याचा अंदाज बुद्ध्यंकावरून करता येत नव्हता. २०११ साली मेंदूच्या चित्रणातूनही हेच निघाले. ध्वनी जुळवताना दोन्ही गटांच्या मेंदूतील त्याच भागांची क्रिया कमी होती.

स्टॅनोविच यांनी १९८६ साली आणखी एक गोष्ट दाखवून दिली होती. वाचन जमत नाही ते मूल कमी वाचते. कमी वाचल्याने शब्दसंग्रह आणि माहिती कमी राहते. आणि बुद्धिमापन चाचणीत शब्दसंग्रहाचे व माहितीचेच बरेच प्रश्न असतात. म्हणजे वाचनाच्या अडचणीनेच बुद्ध्यंक खाली ओढला जातो, आणि मग बुद्ध्यंक कमी म्हणून तेच मूल मदतीस अपात्र ठरते!

हळूहळू व्याख्या बदलल्या. २००२ साली आंतरराष्ट्रीय डिस्लेक्सिया संघटनेने स्वीकारलेल्या व्याख्येत शब्द अचूक व सहज ओळखण्याची अडचण आणि तिच्या मुळाशी असणारी ध्वनीची अडचण यांना मध्यवर्ती स्थान मिळाले. २००९ साली ब्रिटनमधील रोझ अहवालाने डिस्लेक्सिया सर्व बौद्धिक पातळ्यांवर आढळतो असे स्पष्ट म्हटले. २०१३ साली अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानग्रंथातून तफावतीची अट गेली. वाद अर्थात संपले नाहीत. ज्युलियन एलियट आणि एलेना ग्रिगोरेंको यांनी २०१४ साली ‘डिस्लेक्सिया’ हा शब्दच सोडून द्यावा असे सुचवले. इतरांचे म्हणणे असे, की आळशी, ढ म्हणून हिणवल्या गेलेल्या असंख्य मुलांना या शब्दाने आधार दिला आहे. दोन्ही बाजूंत तथ्य आहे.

आपल्या लिपीत काय होते?

हे बहुतेक संशोधन इंग्रजीवरचे आहे, आणि इंग्रजीचे शुद्धलेखन जगात कुप्रसिद्ध. मग इतर भाषांत डिस्लेक्सिया नसतो का? असतो, पण रूप बदलते. १९९३ साली हाइन्झ विमर यांनी दाखवले की, जर्मन मुले चुका फारशा करत नाहीत, पण अतिशय हळू वाचतात. जेथे लेखन आणि उच्चार यांचा मेळ चांगला असतो, तेथे चुका मोजत बसलो तर अडचण नजरेतून सुटते. मराठी शिक्षकांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

देवनागरीत आणखी वेगळा प्रश्न आहे. आपले अक्षर म्हणजे एक सुटा ध्वनी नव्हे. ‘क’मध्ये ‘क्’ आणि ‘अ’ आहेत. त्यामुळे सुरुवात सोपी जाते, पण मात्रा आणि जोडाक्षरे शिकताना ध्वनी वेगळे करण्याची गरज पडतेच. ‘कि’मधील वेलांटी ‘क’च्या आधी लिहितो आणि नंतर उच्चारतो. ‘प्राण’, ‘अर्क’, ‘राष्ट्र’, ‘सुऱ्या’ या शब्दांत एकाच ‘र’ची चार रूपे आहेत. सोनाली नाग यांनी २००७ साली कन्नड मुलांवरील अभ्यासात दाखवले की, अशा लिपीत अक्षरज्ञान पुरे व्हायला इंग्रजी मुळाक्षरांपेक्षा कितीतरी जास्त काळ, तिसरी-चौथीपर्यंतचा, लागतो. म्हणजे दुसरीतल्या मुलाला जोडाक्षर आले नाही तर लगेच घाबरण्याचे कारण नाही. पण साधी, मात्रा नसलेली अक्षरेही जमत नसतील तर थांबून चालणार नाही.

महाराष्ट्रात हा विषय संघटितपणे हाती घेतला गेला तो १९९६ च्या सुमारास. त्या वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशनची स्थापना झाली. पण भारतीय भाषांतील चाचण्यांची वानवा होती. मराठीसह काही भारतीय भाषांसाठी ‘डाली’ हा चाचणी-संच मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केला तो २०१५ साली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश झाला. प्रमाणपत्र हवे ते परीक्षेतील सवलतींसाठी, आणि ते मिळवण्यासाठी पालकांना मदत करायलाच हवी. पण वाचन शिकवण्यासाठी प्रमाणपत्र लागत नाही.

आम्ही संशोधन करणाऱ्यांनी शंभर वर्षे एक चाळणी वापरली आणि तिच्यातून गळलेली मुले मोजलीच नाहीत. वर्गात ती चाळणी आजही चालू असते. ‘तसा हुशार’ असलेल्या मुलासाठी आपण पालकांना बोलावतो, डॉक्टरांचे नाव सुचवतो. शेजारच्या बाकावरचे, गप्प बसणारे, तितकेच अडखळणारे मूल मात्र ‘जेमतेम’ म्हणून पुढच्या वर्गात जाते. दोघांची गरज एकच आहे: ध्वनी आणि अक्षर यांचा मेळ सावकाश, रोज, थोडा थोडा, कोणीतरी शेजारी बसून शिकवणे.

या महिन्यात आपल्या वर्गातील प्रत्येक मुलाचे वाचन एकदा एकट्याने ऐकून पाहावे, एवढीच विनंती. मुलाला एक छोटा, न पाहिलेला परिच्छेद द्यावा. किती चुका झाल्या याबरोबर किती वेळ लागला, हेही टिपून ठेवावे. यादी तयार झाली की तिच्यातले तळाचे पाच-सहा विद्यार्थी पाहावेत. त्यांतल्या किती जणांविषयी आपण आजवर ‘तसा हुशार आहे’ असे म्हणालो होतो, हे त्यानंतर आठवून बघावे.